दूरचित्रवाणी संच किती अंतरावरून पाहावा?

घरी वा शाळेत दूरचित्रवाणी संच बसविताना पाहणाऱ्यांनी किती दूर बसावे, हे बहुधा अंदाजानेच ठरते. वस्तुतः याचे उत्तर साध्या गणिताने मिळते.

निकोप डोळ्याला सुमारे एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनाचा बारकावा ओळखता येतो. ४३ इंची संचाचा पडदा सुमारे ५३ सेंटिमीटर उंच असतो. त्यावरील चित्र १०८० ओळींचे असल्यास प्रत्येक ओळ अर्धा मिलिमीटर भरते. सुमारे १.७ मीटरपेक्षा जवळून पाहिल्यास या ओळी निरनिराळ्या जाणवू लागतात. ही जवळची मर्यादा होय.

दूरची मर्यादा पडद्यावरील अक्षरे ठरवितात. अक्षर ओळखण्यास त्याच्या उंचीचा कोन निदान पाच कला असावा लागतो. सुखाने वाचण्यास तो दुप्पट तरी हवा. म्हणून सहा मीटरवर बसलेल्या मुलासाठी अक्षर सुमारे दोन सेंटिमीटर उंच असावे. काना-मात्रा व जोडाक्षरे स्पष्ट दिसण्यास याहून मोठे असल्यास उत्तम. पाठ सुरू करण्यापूर्वी शिक्षकाने शेवटच्या रांगेतून स्वतः वाचून पाहावे.

एखादे मूल वारंवार संचाजवळ सरकत असेल, तर त्यास रागावून मागे बसवू नये. फळ्यावरील अक्षरे त्यास मागून वाचता येतात काय, हे आधी पाहावे. येत नसल्यास पालकांना सांगून डोळ्यांची तपासणी करवावी. जवळ बसण्याची ती खोड नसून अधू दृष्टीची खूण असू शकते.