लंडन महाग आहे, पण कशात?

लंडनच्या मध्यवर्ती भागात आई-वडील आणि दोन मुलं अशा चौघांना पुरेल अशी साधी खोली घ्यायची तर रात्रीला दीडशे पौंड सहज जातात. हिशेबासाठी पौंड १२० रुपयांचा धरला तर हे झाले अठरा हजार. त्याच खोलीतून निघून हे चौघे ब्रिटिश म्युझियममध्ये दिवसभर रोझेटा शिला आणि इजिप्तच्या ममी पाहत फिरले, तर दारात एक पैसाही मोजावा लागत नाही. शहर महाग आहे यात शंका नाही, पण ते सगळीकडे सारखं महाग नाही. छप्पर महाग, हॉटेलातलं जेवण महाग, गाजलेल्या ठिकाणांची तिकिटं महाग. पायी फिरणं, बागा, राष्ट्रीय संग्रहालयं आणि बस मात्र मध्यमवर्गीय घराच्या आवाक्यातली. वर्धा, हिंगणघाट किंवा आर्वीच्या कुटुंबाने लंडनच्या सहलीचा आराखडा या एका फरकावर उभा करावा, असं मी कळकळीने सांगेन. शिक्षकाच्या, बँकेतल्या कर्मचाऱ्याच्या किंवा बऱ्या शेतकऱ्याच्या घरालाही मग ही सहल अशक्य राहत नाही.

जूनचे पहिले तीन आठवडे

खर्च ठरतो तो आधी तारखेवर. इथे विदर्भाच्या उन्हाने आपल्याला एक सोय करून दिली आहे. राज्यात इतरत्र शाळा जूनच्या मध्याला भरतात, आपल्याकडे त्या आठवडा-पंधरवडा उशिरा. २०२५ मध्ये उर्वरित महाराष्ट्रात १६ जूनला शाळा उघडल्या, विदर्भात २३ जूनला. इंग्लंडमधल्या मुलांची मोठी सुट्टी लागते जुलैच्या उत्तरार्धात. मे महिन्याच्या शेवटी त्यांना आठवडाभर सुट्टी असते, तीही जून लागता लागता संपते. म्हणजे जूनच्या पहिल्या तीन आठवड्यांत आपली मुलं मोकळी असतात आणि तिकडची वर्गात. जुलै-ऑगस्टच्या मानाने गर्दी कमी. शिवाय या दिवसांत लंडनला सूर्य रात्री सव्वानऊच्या सुमारास मावळतो. संध्याकाळी सातनंतरही मुलांना बागेत खेळू देता येतं.

दिवाळीच्या सुट्टीचं गणित उलटं आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे जातात आणि नोव्हेंबरात साडेचारच्या आसपास अंधार पडू लागतो. खोलीचे पैसे मोजायचेच, पण जूनच्या मानाने दिवसाचा उजेड सहा-सात तासांनी कमी मिळतो. लहान मुलं बरोबर असतील तर जूनच धरावा.

सातबाऱ्याचं भाषांतर

मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षांचा, मुलांचा साधारण पाचच वर्षांचा. त्यामुळे घरातल्या चार पासपोर्टपैकी मुलांचेच आधी संपतात, आणि ते बहुधा व्हिसाचा अर्ज भरायला बसल्यावर ध्यानात येतं. नागपूरच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या कक्षेतलं हे काम सगळ्यांत आधी उरकावं.

ब्रिटन युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या शेंगेन गटात नाही. पॅरिसचा व्हिसा लंडनला चालत नाही आणि लंडनचा पॅरिसला. एका सहलीत दोन्ही शहरं बसवायची तर दोन व्हिसांचा खर्च धरावा लागतो. शेंगेन व्हिसाला जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो पडतात, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना निम्मे आणि सहाच्या आतल्यांना काहीच नाही. ब्रिटनमध्ये अशी सूट नाही. सहा महिन्यांच्या साध्या पर्यटक व्हिसाचं शुल्क एप्रिल २०२५ मध्ये ११५ वरून १२७ पौंड झालं, आणि ते तान्ह्या बाळालाही तेवढंच. या दराने चौघांचे होतात ५०८ पौंड, म्हणजे ६१ हजार रुपये. शुल्क अधूनमधून वाढतं, म्हणून अर्जाच्या दिवशीचा आकडा पाहूनच रक्कम बाजूला काढावी.

अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो. तो ऑनलाइन भरून मग बोटांचे ठसे आणि फोटो देण्यासाठी मुंबई-पुण्यासारख्या शहरातल्या केंद्रावर जावं लागतं. पाच वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत. निर्णय साधारण तीन आठवड्यांत येतो.

या अर्जाची फाइल नीट लावणं हे अर्धं काम आहे. पगारपत्रकं, सहा महिन्यांचं बँकेचं स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र आणि रजा मंजुरीचं पत्र ही कागदं नोकरदाराकडे असतातच. ज्यांच्या उत्पन्नात शेतीचा वाटा आहे त्यांची फाइल जास्त जाड होते. सातबारा, कापूस-सोयाबीन विकल्याच्या बाजार समितीच्या पावत्या, सोसायटीचे दाखले, सगळं मराठीत. इंग्रजी नसलेल्या प्रत्येक कागदाला पूर्ण भाषांतर जोडावं लागतं, आणि त्यावर भाषांतर अचूक असल्याचं निवेदन, भाषांतरकाराचं नाव, सही, तारीख आणि संपर्काचा तपशील लागतो. कापूस विकून खात्यात एकदम मोठी रक्कम आली असेल तर ती पावती त्या नोंदीच्या मागेच लावावी. कुठून आली हे कळत नाही अशी अचानक जमा झालेली रक्कम अर्जाला बाधते. प्रामाणिक शेतकऱ्याचा अर्ज एका पावतीवाचून अडू नये.

मुलांच्या व्हिसावर त्यांच्याबरोबर कोण मोठं माणूस जाणार हे नोंदवता येतं. आई-वडिलांऐवजी आजोबा किंवा मावशी नेणार असेल तर अर्जातच तसं लिहावं आणि पालकांचं संमतिपत्र जोडावं. व्हिसा हातात येईपर्यंत परत न मिळणारं तिकीट किंवा खोली घेऊ नये.

अर्ध्या तासाचा नियम

आता छप्पर. सहा रात्रींचे दीडशे पौंडांप्रमाणे नऊशे, म्हणजे एक लाख आठ हजार रुपये. विमानभाडं सोडलं तर सहलीतला सगळ्यांत मोठा आकडा हाच, म्हणून डोकं लावायचं ते इथे.

सेवाग्रामची बापूकुटी पाहत वाढलेल्या आपल्या मुलांना एक गोष्ट जरूर सांगावी. १८८८ ते १८९१ या काळात तरुण मोहनदास गांधी लंडनमध्ये कायदा शिकत होते. पहिले दिवस खर्चिक गेले. मग त्यांनी पै-पैचा हिशेब लिहायला घेतला आणि एका कुटुंबात पैसे देऊन राहणं सोडून स्वतंत्र खोल्या घेतल्या. निवडताना कसोटी एकच: जिथे रोज काम आहे तिथे अर्ध्या तासात पायी पोहोचता आलं पाहिजे. गाडीभाडं वाचलं आणि रोज आठ-दहा मैल चालणंही झालं. पुढे त्यांनी एकच खोली ठेवली, तीत शेगडी घेतली, सकाळी ओटची लापशी आणि रात्री पाव-कोको असा बेत ठेवून दिवसाला सव्वा शिलिंगात भागवलं. हे सगळं त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवलं आहे.

सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही ही कसोटी खरी उतरते. लंडनची वाहतूक मध्यापासून बाहेर जाणाऱ्या झोनमध्ये वाटलेली आहे. झोन पाचमध्ये खोली स्वस्त मिळते, पण रोजचं भाडं वाढतं आणि येण्या-जाण्यात दोन तास जातात. दमलेली मुलं मग संध्याकाळी टॅक्सी मागतात, आणि वाचलेले पैसे तिथेच जातात. हॅमरस्मिथ, ग्रीनिच, स्ट्रॅटफर्ड असे झोन दोनच्या आसपासचे भाग यातला मधला मार्ग आहेत. वायएचएच्या वसतिगृहांत कुटुंबासाठी स्वतंत्र खोल्या असतात. उन्हाळी सुट्टीत काही विद्यापीठांची वसतिगृहंही पाहुण्यांना खोल्या देतात. स्टेशनपासून चालत दहा मिनिटं आणि खोलीत किंवा मजल्यावर स्वयंपाकाची सोय, या दोन गोष्टी मिळाल्या तर बाकीच्या उणिवा चालवून घ्याव्यात.

वरच्या मजल्यावरून शहर

लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे चालत नाहीत. कार्ड टेकवायचं, एवढंच. प्रत्येक मोठ्या माणसाकडे स्वतःचं कार्ड हवं, आणि परदेशात वापरण्यासाठी ते आपल्या बँकेत आधी सुरू करून घ्यावं. बसचं भाडं २०२५ मध्ये १.७५ पौंड होतं, आणि पहिलं कार्ड टेकवल्यापासून तासाभरात दुसऱ्या-तिसऱ्या बसमध्ये चढलात तरी पुन्हा पैसे पडत नाहीत. अकरा वर्षांच्या आतली मुलं बसमध्ये आणि मोठ्यांबरोबर भुयारी रेल्वेत फुकट. अकरा ते पंधरा वर्षांच्या पाहुण्या मुलांना ऑयस्टर या तिथल्या प्रवास-कार्डावर सवलत बसवून मिळते. ती स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याकडून मागून घ्यावी लागते.

यावर एक पूर्ण दिवस बसवून पाहू. सकाळी चॉक फार्म स्टेशनला उतरून १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर या घरात राहत होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते विकत घेऊन स्मारक केलं. भेटीची वेळ आधी पाहून जावं. तिथून पाच-दहा मिनिटांवर प्रिमरोज हिल. टेकडीवर बसून बरोबरचा डबा खायचा, समोर सगळं शहर पसरलेलं. उतरून कालव्याच्या काठाने कॅम्डनपर्यंत चालायचं आणि २४ नंबरची बस धरायची. वरच्या मजल्यावरची पुढची जागा मिळाली तर मुलांना वेगळी पर्यटक बस लागत नाही. ही बस ट्रॅफल्गार चौकात नेते. तिथल्या नॅशनल गॅलरीत व्हॅन गॉगची सूर्यफुलं फुकट पाहता येतात. तशीच पुढे ही बस पार्लमेंट स्क्वेअरला जाते. तिथे २०१५ पासून गांधीजींचा पुतळा उभा आहे. अख्ख्या दिवसात पैसे गेले ते फक्त प्रवासाचे.

दुसरा दिवस साउथ केन्सिंग्टनचा. नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये छताला टांगलेला पंचवीस मीटरचा निळ्या देवमाशाचा सांगाडा, शेजारी सायन्स म्युझियममध्ये चंद्राला प्रदक्षिणा घालून आलेलं अपोलो १० चं यान. दोन्हींना प्रवेश मोफत, मात्र वेळेची नोंदणी ऑनलाइन आधी करावी.

तिसऱ्या दिवशी पूर्वेकडे, बो भागातला किंग्स्ली हॉल. १९३१ च्या गोलमेज परिषदेला आलेले गांधीजी चांगल्या हॉटेलात न उतरता समाजसेविका म्युरिअल लेस्टर यांच्या या कामगार वस्तीतल्या वास्तूत तीन महिने राहिले. बरोबर त्यांच्या शिष्या मीराबेन होत्या. पुढे १९३६ मध्ये गांधीजी आपल्या शेगावला आले, तेच आजचं सेवाग्राम. किंग्स्ली हॉलच्या आत जायचं असेल तर आधी विचारून जावं.

डबा आणि तिकीट

चौघांचं हॉटेलातलं एक जेवण म्हणजे पन्नास-साठ पौंड. सकाळी खोलीवर, दुपारी सुपरमार्केटमधून घेतलेलं किंवा डब्यातलं, आणि संध्याकाळी गरम वरण-भात, असा बेत ठेवला तर एखाद-दोन वेळा बाहेर मनसोक्त जेवता येतं. युस्टन स्टेशनजवळची ड्रमंड स्ट्रीट शाकाहारी भारतीय खाण्यासाठी जुनी प्रसिद्ध आहे. चिवडा, जवसाची चटणी, मेतकूट बरोबर न्यावं. तूप, पेढे, खवा, पनीर आणि कुठलाही मांसाहारी पदार्थ सामानात नको. ते विमानतळावर काढून घेतात.

तिकिटाची ठिकाणं मुलांना निवडू द्यावीत. घरातल्या प्रत्येकाने एकच. कोणी कोहिनूरसाठी टॉवर ऑफ लंडन म्हणेल, कोणी लंडन आय. तिकिटांच्या किमती समोर ठेवून दहा वर्षांच्या मुलीने दोनपैकी एक निवडणं हे तिचं मोठं शिक्षण आहे. टूर कंपनीकडून पॅकेज घेतलंत तर टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा आयकर, आकारला जातो. तो खर्च नव्हे, तर आगाऊ भरलेला कर असतो. विवरणपत्रात तो वजा करून मिळतो, तोवर ती रक्कम अडकते एवढं धरावं.

जून गाठायचा तर कामाचा क्रम असा: दिवाळीनंतर पासपोर्ट, जानेवारीत रद्द करता येईल अशी खोली, मार्चमध्ये व्हिसाचा अर्ज, तो मिळताच विमानाचं तिकीट. वर्ध्याहून मुंबईला सेवाग्राम किंवा विदर्भ एक्स्प्रेसचं आरक्षण खुलं होताच करावं. खर्चाची वही मात्र आजच घालावी, आणि ती लिहिण्याचं काम घरातल्या मुलांकडे द्यावं.