पोटातले भाडेकरू

दुपारची वेळ. गणिताचा तास. वर्ग अगदी चिडीचूप. आणि नेमकं त्याच क्षणी तुमच्या पोटातून आवाज येतो, गुर्रर्र! बाकावरचा मित्र खुदकन हसतो आणि तुम्हाला कुठे तोंड लपवू असं होतं. 'पोटात कावळे ओरडताहेत' असं आपण म्हणतो ते हेच. कावळे अर्थातच नसतात. रिकामं जठर आणि आतडं आकुंचन पावतं, आतली हवा आणि पाणी पुढे ढकललं जातं, त्याचा हा आवाज.

पण मित्रांनो, कावळे नसले तरी तुमच्या पोटात खरोखरच कुणीतरी राहतं बरं का! मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण ३८ लाख कोटी जिवाणू असतात, आणि त्यातले बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात. शरीराच्या स्वतःच्या पेशी असतात ३० लाख कोटींच्या आसपास. म्हणजे घरमालकापेक्षा भाडेकरूच जास्त! (जिवाणू पेशींच्या दहापट असतात असं पूर्वी पुस्तकांत छापलेलं असायचं. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी पुन्हा नीट हिशेब केला तेव्हा तो आकडा फुगलेला निघाला.) एवढ्या सगळ्यांचं वजन मात्र पाव किलोसुद्धा भरत नाही.

आता हे भाडेकरू भाडं देतात का? देतात की!

ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, गवार, पालेभाजी यांतला चोथा आपल्याला पचत नाही. तो फोडायला लागणारी विकरं आपल्या शरीरात जवळजवळ नाहीतच. तो तसाच मोठ्या आतड्यात पोचतो आणि तिथे पंगत बसते. आतड्यातल्या एका जिवाणूचं नाव आहे बॅक्टेरॉइडीस थीटाआयोटाओमायक्रॉन. (एका दमात म्हणून दाखवा!) या एकट्याकडे असा चोथा फोडणारी दोनशेहून जास्त विकरं आहेत. जिवाणू चोथा आंबवतात आणि त्यातून छोटी छोटी आम्लं तयार होतात. ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही त्यातली मुख्य. हेच ते भाडं. ब्युटिरेटवर तर मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरातल्या पेशी आपलं पोट भरतात. खवट लोण्याला वास येतो ना, तो याच आम्लाचा.

आणि इथूनच भुकेची गोष्ट सुरू होते.

भूक लागली हे मेंदूला कोण सांगतं? जठर रिकामं झालं की घ्रेलिन नावाचं संप्रेरक रक्तात वाढतं. जपानमधल्या कोजिमा आणि कांगावा या शास्त्रज्ञांनी ते १९९९ मध्ये शोधून काढलं. जेवण झालं की घ्रेलिन ओसरतं आणि आतड्यातल्या काही खास पेशी दुसरे निरोप धाडतात. जीएलपी-१ आणि पीवायवाय अशी त्यांची रुक्ष नावं आहेत. जीएलपी-१ जठराला म्हणतं, 'अरे, जरा हळू!' स्वादुपिंडाला म्हणतं, 'साखर येतेय, इन्शुलिन काढ.' आणि मेंदूला म्हणतं, 'आता पुरे.' हे निरोप पोचायला थोडा वेळ लागतो. म्हणून शाळेची बस चुकेल या भीतीने भराभर जेवलं की पोट भरल्याचं कळेपर्यंत दोन पोळ्या जास्तच गेलेल्या असतात.

गंमत म्हणजे निरोप धाडणाऱ्या या पेशींना जिवाणूंनी दिलेल्या भाड्याची चाहूल लागते. ती आम्लं आली की त्या जीएलपी-१ आणि पीवायवाय सोडतात. म्हणजे तुमच्या 'आता पुरे' म्हणण्यात भाडेकरूंचाही थोडासा आवाज मिसळलेला असतो! हल्ली मधुमेहासाठी आणि वजन उतरवण्यासाठी जी इंजेक्शनं निघाली आहेत, त्यांपैकी काही याच जीएलपी-१ची नक्कल आहेत. आपलं स्वतःचं जीएलपी-१ रक्तात दोनेक मिनिटांत मोडून जातं, ही नक्कल मात्र बरेच दिवस टिकते.

हे सगळं ठरवायचं तर प्रयोग हवेत. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेत असे उंदीर होते की ज्यांच्या अंगात एकही जिवाणू नव्हता. त्यांना जन्मापासून निर्जंतुक पेटीत वाढवलेलं, हवा गाळलेली, खाणंही निर्जंतुक केलेलं. हे उंदीर साध्या उंदरांपेक्षा जास्त खायचे आणि तरीही अंगाने रोड राहायचे. २००४ मध्ये त्यांना साध्या उंदरांच्या आतड्यातले जिवाणू देण्यात आले. दोन आठवड्यांत त्यांच्या अंगावरची चरबी सुमारे ६० टक्क्यांनी वाढली. आणि खाणं? उलट कमी झालेलं!

पुढचा प्रयोग याहून भारी. त्याच प्रयोगशाळेने चार जुळ्या जोड्या निवडल्या. प्रत्येक जोडीतली एक बहीण लठ्ठ, दुसरी सडपातळ. त्यांच्या विष्ठेतले जिवाणू निर्जंतुक उंदरांना दिले. लठ्ठ बहिणीचे जिवाणू मिळालेल्या उंदरांच्या अंगावर जास्त चरबी चढली. मग दोन्ही प्रकारचे उंदीर एकाच पिंजऱ्यात ठेवले. उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात (शीऽऽ! पण खातात), त्यामुळे सडपातळ गटाचे जिवाणू दुसऱ्या गटात शिरले आणि त्या उंदरांचं लठ्ठ होणं थांबलं. पण एक अट होती. खाण्यात चोथा भरपूर आणि चरबी कमी असेल तरच. तुपकट, बिनचोथ्याचं खाणं दिलं तेव्हा नवे भाडेकरू राहायलाच तयार होईनात. हा प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला.

झालं तर मग! सडपातळ माणसाचे जिवाणू घ्यायचे नि बारीक व्हायचं, असंच तुम्हाला वाटलं ना? शास्त्रज्ञांनाही ते करून बघावंसं वाटलं. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड इथे १४ ते १८ वर्षांच्या, वजन खूप जास्त असलेल्या ८७ मुलामुलींना निवडलं. निम्म्यांना सडपातळ, निरोगी दात्यांच्या विष्ठेतल्या जिवाणूंच्या कॅप्सूल दिल्या आणि निम्म्यांना नुसत्या खाऱ्या पाण्याच्या. कुणाला काय मिळालं हे मुलांना ठाऊक नव्हतं. २०२० मध्ये निकाल छापून आला. सहा आठवड्यांनी उंचीच्या मानाने वजन पाहिलं तर दोन्ही गटांत काही फरक नाही! पोटाभोवतीची चरबी मात्र थोडी कमी झालेली दिसली. वाढलेला रक्तदाब, रक्तातली साखर अशा तक्रारी एकत्र असलेल्या काही मुलांमध्येही सुधारणा दिसली. मला हा निकाल उंदरांच्या प्रयोगाइतकाच आवडतो. माणूस म्हणजे काही पिंजऱ्यातला उंदीर नव्हे! त्याला आईवडिलांकडून आलेली शरीराची ठेवण असते, झोप असते, खेळ असतो, डबा असतो.

आपल्याकडचीही एक गोष्ट सांगतो. लठ्ठ माणसांच्या आतड्यात अमुक गटाचे जिवाणू जास्त आणि तमुक गटाचे कमी असतात, असं परदेशात २००६च्या सुमारास सापडलं होतं. २०१२ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी भारतीय माणसांत हे तपासलं, तर तसा सरळ हिशेब काही लागला नाही.

म्हणून वर्गातल्या कुणाला 'ढब्बू' किंवा 'खादाड' म्हणताना जरा थांबा. तो तुमच्याइतकंच खात असेल. कदाचित त्याला 'आता पुरे' हा निरोप उशिरा पोचत असेल. बाहेरून बघून ते ना तुम्हाला कळतं, ना शास्त्रज्ञांना.

बरं, आणि दही? दह्याची कीर्ती जगभर पसरवली ती मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तो काम करायचा. त्याला १९०८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं, पण ते रक्तातल्या जंतुभक्षक पेशींवरच्या कामासाठी, दह्यासाठी नव्हे हं! बल्गेरियातले शेतकरी आंबट दूध पितात म्हणून दीर्घायुषी होतात, असं त्याचं मत होतं. तो स्वतःही ते नेमाने प्यायचा. १९१६ मध्ये, ७१व्या वर्षी तो वारला.

दह्याच्या एका चमच्यात कोट्यवधी जिवाणू असतात. जठरातल्या आम्लात त्यातले पुष्कळ मरतात. जे वाचतात तेही बहुधा पाहुण्यासारखे थोडे दिवस राहून निघून जातात. पाहुणे कामाचे असतात, नाही असं नाही. ज्यांना दूध पचत नाही त्यांना दही सोसतं, ते यांच्यामुळेच. पण आईबाबांनो, दुकानातल्या एखाद्या महागड्या बाटलीवर 'प्रोबायोटिक' लिहिलंय म्हणून मुलाचं वजन उतरेल, असं मानून पैसे खर्चू नका. वजनाच्या बाबतीत अशा प्रयोगांचे निकाल किरकोळ आणि उलटसुलट आलेले आहेत. त्याच पैशात कितीतरी मटकी येते! कांदा, लसूण, केळी, फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी फोडणी दिलेला भात, हे सगळं भाडेकरूंना आवडतं. चोथा मात्र हळूहळू वाढवा. एकदम वाढवलात तर पोटात वायू धरतो आणि मग गणिताच्या तासाला गुर्रर्रपेक्षाही मोठी पंचाईत होते.

जिवाणूंची चाल स्वतः पाहायची आहे? आज रात्री आईच्या किंवा बाबांच्या मदतीने तीन वाट्या दूध घ्या. एकीत कोमट, दुसरीत उकळतं, तिसरीत फ्रिजमधलं गार. तिन्हींत अर्धा अर्धा चमचा विरजण घाला. गार वाटी पुन्हा फ्रिजमध्ये ठेवा, बाकीच्या दोन ओट्यावर झाकून ठेवा. सकाळी तिन्ही बघा. कोमट दुधाचं दही लागलेलं असेल. उकळत्या दुधात फारतर चार गुठळ्या दिसतील, कारण तिथले जिवाणू मेले. गार दूध तसंच असेल. आता ती गार वाटी बाहेर काढून ओट्यावर ठेवा आणि शाळेतून आल्यावर पुन्हा बघा.