पाद्री आणि लॉजचे मास्टर: ॲब्सलम जोन्स

फ्रीमेसन या बंधुभावाच्या संघटनेतल्या अमेरिकन मंडळींचा विषय निघाला की सगळे जॉर्ज वॉशिंग्टनपाशीच थांबतात. मला मात्र ॲब्सलम जोन्स जास्त भावतात.

जन्म १७४६, डेलावेअर, गुलामीत. पुढे मालकाने फिलाडेल्फियाला आणलं. पैसे साठवून जोन्स यांनी आधी बायकोला सोडवलं, कारण मुलं स्वतंत्र की गुलाम हे आईवरून ठरायचं. स्वतःची सुटका व्हायला १७८४ उजाडलं! १७९४मध्ये जोन्स यांच्या पुढाकाराने सेंट थॉमस हे कृष्णवर्णीयांचं चर्च सुरू झालं. पुढे जोन्स एपिस्कोपल पंथाचे पहिले कृष्णवर्णीय पाद्री झाले.

आता लॉजची, म्हणजे फ्रीमेसनांच्या स्थानिक शाखेची गोष्ट. १७९७मध्ये फिलाडेल्फियातल्या कृष्णवर्णीय मेसनांनी बोस्टनमधल्या कृष्णवर्णीय मेसनांचे पुढारी प्रिन्स हॉल यांना पत्र लिहून लॉजची परवानगी मागितली. गोरे मेसन नाही म्हणाले होते. कारण? इथे दिली तर व्हर्जिनियातले काळेही मेसन होतील! बंधुभावाच्या संघटनेचा हा बंधुभाव. हॉल यांनी परवानगी दिली. जोन्स लॉजचे मास्टर, म्हणजे प्रमुख, तर त्यांचे धर्मकार्यातले सोबती रिचर्ड ॲलन खजिनदार. म्हणजे चर्च आणि लॉज, माणसं बरीचशी तीच.

१८१५मध्ये पेनसिल्व्हेनियात कृष्णवर्णीयांची ग्रँड लॉज, म्हणजे लॉजांची वरिष्ठ संस्था, उभी राहिली, तिचे पहिले ग्रँड मास्टरही जोन्सच.