ऊन पाणी आणि गडाची वाट

हल्ली सुशिक्षित कुटुंबांतून जपानच्या प्रवासाची टूम निघाली आहे. तीही टोकियो-क्योटोच्या गर्दीची नव्हे, तर तेथील निवांत खेडी, डोंगरांतील पाऊलवाटा आणि 'ओन्सेन' म्हणजे ऊन पाण्याची स्नानगृहे यांची. आमच्या खांदा कॉलनीतही दिवाळीच्या सुमारास ज्या घरी जावे तेथे हाच विषय. तरुण मंडळी नकाशे पसरून बसतात, विमानाच्या तिकिटांची बेरीज-वजाबाकी चालते. आणि वडील माणसे शेजारी बसून कौतुकाने ऐकत राहतात. त्या बेतात आपली गणना नाही, हे त्यांस न सांगताच समजलेले असते.

या हौसेची थट्टा करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. जपानकडे आदराने पाहण्याची सवय महाराष्ट्रास जुनीच आहे. महर्षी कर्वे यांच्या हाती जपानमधील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका पडली आणि त्यातून १९१६ मध्ये आपल्याकडील महिला विद्यापीठ उभे राहिले, ही हकीकत वाचकांस ठाऊक असेलच. अण्णांनी जपान उचलून पुण्यास आणला नाही. तेथील कल्पना घेतली आणि आपल्या मातीत लावली. सहलीच्या बाबतीतही असे काही करता येईल काय, एवढाच आमचा प्रश्न आहे.

प्रथम जपानी रीत पाहू. त्या देशात एकशे अकरा जिवंत ज्वालामुखी आहेत, त्यामुळे भूमीच्या पोटातील उष्णता जागोजाग वर येते. तेथील १९४८ च्या कायद्याने ओन्सेनची व्याख्याच ठरवून टाकली आहे: झऱ्याचे पाणी पंचवीस अंश अथवा अधिक उष्ण असावे, किंवा त्यात ठरावीक खनिज द्रव्यांपैकी एखादे तरी पुरेशा प्रमाणात असावे. पण खरे मर्म कायद्यात नाही, क्रमात आहे. दिवसभर चालावे, संध्याकाळी ऊन पाण्यात बसावे, साधे अन्न जेवून लवकर निजावे. कुमानोच्या डोंगरांतील यात्रावाटा २००४ मध्ये जागतिक वारशात गणल्या गेल्या. त्या वाटेवरच्या युनोमिने गावी पूर्वीचे यात्रेकरू ऊन पाण्यात स्नान करून देवदर्शनास जात. आता, आधी स्नान आणि मग दर्शन ही गोष्ट कोणा महाराष्ट्रीय गृहिणीस नवीन सांगावयास नको!

आपल्याकडे ज्वालामुखी नाहीत. परंतु ऊन पाणी आहे, आणि तेही आपल्या दाराशी. उत्तरेस कोकनेरपासून दक्षिणेस राजापुरापर्यंत सह्याद्री आणि समुद्र यांच्या मधल्या पट्टीत सुमारे साडेतीनशे किलोमीटर लांबीची झऱ्यांची रांग आहे. अठरा ठिकाणी मिळून साठेक झरे भूगर्भशास्त्रज्ञांनी नोंदले आहेत. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल उतरते, तेथील उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. म्हणजे कुंडात आपण बसतो ते पाणी सह्याद्रीवर पडलेल्या जुन्या पावसाचेच. दापोली तालुक्यातील उन्हवऱ्यास ते सत्तर अंशांच्या घरात असते, तेथे उगमात बोट घालण्याचेही धाडस करू नये. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी ही नावे घरोघरी माहीत आहेत; मात्र तेथे सुटीच्या दिवशी निवांतपणा शोधणे व्यर्थ.

खांदा कॉलनीतील एकत्र कुटुंबाने पहिला बेत करावा तो पालीचा, असे आमचे स्पष्ट मत आहे. अंतर सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. पेण, नागोठणे करून वाकणवरून वळावे, किंवा खोपोलीवरून उतरावे. पनवेलच्या स्थानकातून एस. टी.नेही जाता येते. आणि तेथे एका लहानशा गावाभोवती चार पिढ्यांना पुरेल इतके साहित्य जमले आहे. पालीत बल्लाळेश्वर आहे. गावाच्या पाठीशीच सरसगड उभा आहे. आणि गावापासून तीनेक किलोमीटरवर, अंबा नदीच्या आसमंतात, उन्हेरे येथे ऊन पाण्याची कुंडे आहेत. तेथील पाणी चाळीस अंशांच्या आसपास, म्हणजे जपानी स्नानगृहांत साधारण जेवढे ऊन ठेवतात जवळजवळ तेवढेच.

सरसगडास लोक पगडीचा किल्ला म्हणतात. दुरून त्याचा माथा पाहिला म्हणजे हे नाव ठेवणाऱ्याचे कौतुक वाटते. उंची पाचशे मीटरांस थोडी कमी. परंतु अखेरच्या टप्प्यात कातळात कोरलेल्या शहाण्णव पायऱ्या अशा उभ्या आहेत की, एकेक पायरी गुडघ्याशी येते. चढताना मुलांस पुढे आणि जाणत्यास मागे ठेवावे. उतरताना जाणता पुढे असावा. ज्यांचे पाय तयार आहेत त्यांनी दुसरा दिवस सुधागडास द्यावा. पालीपासून दहा-बारा किलोमीटरवर पाच्छापूर आहे. औरंगजेबाचा बंडखोर पुत्र अकबर आणि संभाजी महाराज यांची १६८१ मध्ये भेट झाली ती याच परिसरात. जवळच्या ठाकूरवाडीतून वाट चढते. वर भोराई देवीचे मंदिर आणि भोरच्या पंतसचिवांचा वाडा आहे, आणि महादरवाजा रायगडाच्या महादरवाजाची आठवण करून देतो. ज्यांनी वर्षभर जिन्याऐवजी उद्वाहकच वापरला आहे, त्यांनी आधी दोन रविवार कर्नाळ्यास घालवावे. पनवेलपासून तो बाराच किलोमीटर आहे, १९६८ पासून तेथे पक्ष्यांचे अभयारण्य आहे, आणि सुळक्याच्या पायथ्यापर्यंतचा चढ आपल्या छातीचे खरे माप सांगतो.

या बेताचे इंगित असे की, तरुण गडावर असताना वडील माणसे खोलीत वाट पाहत बसत नाहीत. सकाळी नातवंडे सरसगडाकडे निघाली की आजी-आजोबांनी दर्शन उरकून उन्हेऱ्यास जावे, पाण्यात बसावे, शेगडीचा शेक जेथे पोचत नाही तेथवर ऊब पोचू द्यावी. दुपारी गडावरून दमून आलेल्यांनी तेच पाणी गाठावे. एकाच सहलीत कोणी चढून आला आणि कोणी बसून राहिला, पण संध्याकाळी पानावर सर्वांजवळ सांगण्यासारखे काही असते. आमच्या शेजारच्या एका आजीबाईंना जपानी कुंडात वस्त्रासह उतरत नाहीत हे कळले, तेव्हा त्या म्हणाल्या, "तर मग मला पालीच बरी!" स्त्रियांच्या आडोशाची व्यवस्था कशी आहे हे मात्र घरातील एखाद्या पुरुषाने नव्हे, स्त्रीनेच आधी जाऊन पाहावे. पुरुषांच्या मते सर्वच व्यवस्था उत्तम असते.

एका गोष्टीत मात्र जपान्यांपाशी शिकवणी लावली पाहिजे. तेथे सामाईक पाण्यात उतरण्यापूर्वी प्रत्येक जण बाहेर बसून साबण लावून सर्वांग स्वच्छ धुतो, फेसाचा थेंब राहू देत नाही, आणि मगच कुंडात पाय ठेवतो. अंगपुसणेसुद्धा पाण्यात बुडवीत नाही. कुंड हे धुण्यासाठी नव्हे, बसण्यासाठी. आपल्याकडे कोकणातील कुंडांवर आम्ही काय पाहिले? साबणाच्या चुऱ्या, तेलाच्या पिशव्या, पायऱ्यांवर आपटलेले कपडे, आणि काठावर कोणी तरी मागे ठेवलेली नारळाची शकले. ज्या घरांत पिढ्यान्पिढ्या सोवळ्याचा काटेकोर विचार झाला, त्या घरांतील माणसांनीही हे करावे याचे आम्हांस नवल वाटते. आपले सोवळे बहुधा दुसऱ्याच्या स्पर्शापासून आपणास जपण्यापुरते राहिले. आपल्यापासून दुसऱ्याचे पाणी जपावे, ही बाजू शिकावयाची राहून गेली. महाडजवळ सावित्रीकाठी सव येथे असेच ऊन पाणी आहे. त्याच महाडात २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी चवदार तळ्याचे पाणी प्याले, आणि त्यानंतर त्या तळ्याची 'शुद्धी' करण्यात आली. सवच्या झऱ्यावर जाणाऱ्या आमच्यासारख्या कुटुंबांनी ते तळेही मुलांस दाखवावे आणि ती हकीकत न गाळता सांगावी.

आता प्रकृतीविषयी. हृदयविकार, रक्तदाब किंवा गर्भारपण असेल तर वैद्यांस विचारल्यावाचून ऊन पाण्यात उतरू नये. मधुमेहाने ज्यांच्या तळपायांची संवेदना कमी झाली आहे त्यांनी पाय घालून उष्णतेची परीक्षा करू नये. दुसऱ्याने हाताच्या कोपराने पाणी पाहावे. जेवून लगेच बसू नये. प्रथम तांब्याने पायांवर, मग मांड्यांवर व खांद्यांवर पाणी घ्यावे, नंतर हळूहळू उतरावे. दहा-पंधरा मिनिटे पुरेत. उठताना एकदम उठले की भोवळ येते, म्हणून वृद्धांच्या जवळ हात द्यावयास कोणी असावे. वर आल्यावर कोरडे व्हावे आणि साधे पाणी प्यावे. या पाण्याने अमुक रोग हटतो, तमुक व्याधी जाते, असे काठावर सांगणारे पुष्कळ भेटतील. दुखरे सांधे काही काळ हलके होतात हे खरे; परंतु तेवढ्यावर कोणी आपली औषधे बंद करू नयेत.

वेळ मार्गशीर्षापासून माघापर्यंतची निवडावी. पावसाळ्यात सरसगडाच्या पायऱ्या निसरड्या होतात, अंबेचा भरवसा नसतो. माघी चतुर्थीला पालीस जत्रा असते, तेव्हा निवांतपणा हवा असणाऱ्यांनी ते दिवस, संकष्टी आणि रविवार टाळून आठवड्यातला एखादा मधला वार धरावा, मुलांची एक दिवसाची शाळा बुडली तरी चालेल. बरोबर दशम्या, लसणाची चटणी, गडासाठी माणशी दोन लिटर पाणी, जाड सुती पंचे आणि वृद्धांसाठी रबरी तळाच्या चपला घ्याव्यात. कचरा परत आणण्यासाठी एक रिकामी पिशवी आजोबांच्या ताब्यात द्यावी. त्यांच्या हातून ती विसरली जात नाही. येताना बाजारातून पालीचे पापड घ्यावेत, आणि उन्हाच्या आत पेण ओलांडता आले नाही तर चहा घेऊन सावकाश निघावे.