सूर्यावरचे स्फोट : निमित्त आणि कारण

निमित्त आणि कारण यांत आपण नेहमी गल्लत करतो. आज त्याचं उदाहरण थेट सूर्यावरून घेऊ.

१ सप्टेंबर १८५९. इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरच्या डागांचं चित्र काढत होते. अचानक डागांच्या एका समूहावर लख्ख उजेड दिसला आणि पाचेक मिनिटांत विझला. सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ आलं. तारयंत्रं बिघडली. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतही त्याची नोंद झाली.

हा स्फोट कशाचा? दारूगोळ्यासारखं काही पेटलं का? नाही. सूर्य घन गोळा नाही. विषुववृत्ताजवळ तो सुमारे २५ दिवसांत एक फेरी करतो, ध्रुवांजवळ सुमारे ३५ दिवसांत. त्याचं द्रव्य म्हणजे विद्युतभारित कणांचा प्लाझ्मा. चुंबकीय बलरेषा त्यात जणू गोवलेल्या असतात. द्रव्य सरकलं की रेषाही ओढल्या जातात, त्यांना पीळ पडतो. दोरी वळताना हातांचे श्रम जसे पिळात साठतात, तशी इथे ऊर्जा साठते.

मग विरुद्ध दिशांच्या रेषा एकमेकींना भिडतात, तुटतात आणि नव्याने जोडल्या जातात. नव्या मांडणीत ताण कमी असतो. मोकळी झालेली ऊर्जा प्रकाश, क्ष-किरण आणि वेगवान कण होऊन बाहेर पडते. कधी पिळलेला दोरच प्लाझ्मासकट अवकाशात फेकला जातो. प्रकाश आपल्याकडे सव्वाआठ मिनिटांत पोचतो. या ढगाला बहुधा एक ते तीन दिवस लागतात. वादळ आणतो तो हा ढग.

१८९२ मध्ये लॉर्ड केल्विन यांनी सूर्य आणि वादळं यांचा संबंध नाकारला. दुरून, सगळ्या दिशांना असा प्रभाव पाडायला लागणारी ऊर्जा त्यांना अशक्य वाटली. चूक आकडेमोडीत नव्हती, गृहीतकात होती. ढग स्वतःच चुंबकत्व घेऊन येतो, हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. डागांत प्रबळ चुंबकीय क्षेत्र असतं, हे जॉर्ज हेल यांनी दाखवलं ते १९०८ मध्ये.

तेव्हा रेषांची तुटजोड हे निमित्त. कारण म्हणजे आधीपासून साठत आलेला पीळ. हा भेद नुसता शब्दांचा नाही. स्फोटाचा नेमका क्षण आज कुणी सांगू शकत नाही, पण पीळ किती साठलाय याचा अंदाज घेता येतो. उपग्रह आणि वीजजाळी सांभाळणाऱ्यांना सावध करायला त्याचाही आधार होतो.