गिअरबॉक्स तेलाने जगतो, तेलानेच मरतो

निसानने अमेरिकेच्या बाजारात २००५ च्या मॉडेलपासून पाथफाइंडर या एसयूव्हीची तिसरी पिढी आणली. तीन रांगा, सात माणसांची जागा, चार लिटरचे व्ही-६ इंजिन आणि पाच गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. मुलाबाळांसह लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या कुटुंबांसाठीच ही गाडी होती. पहिली काही वर्षे ती बिनतक्रार चालली. पुढे मात्र वेगवेगळ्या राज्यांतले, एकमेकांना न ओळखणारे मालक जवळजवळ एकच हकिकत सांगू लागले. ठरावीक वेगाला गाडी थरथरते. गिअर बदलताना झटका बसतो. चढावर इंजिन गरजते, पण गाडी ओढत नाही. आणि रेडिएटरचे झाकण उघडावे तर आत गुलाबी, दुधाळ, घट्टसर द्रव दिसतो. अमेरिकी मालकांनी त्याला नाव दिले ‘स्ट्रॉबेरी मिल्कशेक’.

तो द्रव दिसेपर्यंत गिअरबॉक्स सहसा हाताबाहेर गेलेला असे. दुरुस्तीचा खर्च हजारो डॉलरच्या घरात जाई आणि कंपनीची पाच वर्षे किंवा ६० हजार मैलांची वॉरंटी अनेकांच्या बाबतीत संपलेली असे. गाडी जपून वापरलेली, सर्व्हिसिंग वेळेवर केलेले, तरीही एवढा भुर्दंड. या मालकांचा संताप रास्त होता. त्यांच्या तक्रारींमध्ये संतापाइतकेच विज्ञानही होते, आणि ते प्रत्येक गाडीमालकाने समजून घ्यावे असे आहे.

दोन द्रवांमधली भिंत

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेलाला एकाच वेळी अनेक कामे करावी लागतात. इंजिनची ताकद टॉर्क कन्व्हर्टरमधून पुढे जाते ती तेलाच्याच प्रवाहातून. गिअर बदलण्यासाठी क्लच दाबला जातो तो तेलाच्याच दाबाने. दात आणि बेअरिंग यांच्यामध्ये वंगणाचा थर तेलाचाच असतो आणि या साऱ्यातून निर्माण होणारी उष्णता बाहेर वाहून नेण्याचे कामही तेलाकडेच. ही उष्णता थोडीथोडकी नसते. तापमान वाढले की तेलाचे ऑक्सिडेशन वेगाने होते. तापमानात दहा अंशांची वाढ झाली की हा वेग साधारण दुप्पट होतो, असा रसायनशास्त्रातला ढोबळ आडाखा आहे. म्हणून तेल थंड करण्यासाठी कूलर लागतो.

हा कूलर अनेक गाड्यांमध्ये इंजिनच्या रेडिएटरच्या टाकीतच बसवलेला असतो. गिअरबॉक्सचे तेल नळीतून येते, कूलरमधून फिरते आणि परत जाते. कूलरच्या बाहेरच्या अंगाला इंजिनचा कूलंट, म्हणजे पाणी आणि इथिलीन ग्लायकोल यांचे मिश्रण असते. ही मांडणी जागा वाचवते, शिवाय थंडीच्या दिवसांत कूलंटच्या उबेने तेलही लवकर कामाच्या तापमानाला येते. दोन द्रवांच्या मध्ये असते ती धातूची एक पातळ भिंत. २००५ ते २०१० या मॉडेलांच्या पाथफाइंडरमध्ये, तसेच त्याच कंपनीच्या एक्सटेरा आणि फ्रंटिअर या गाड्यांमध्ये, काही रेडिएटरांतली ही भिंत तडकत होती.

गाडी चालू असताना तेलाचा दाब जास्त असेल, तर तेल कूलंटमध्ये शिरते. पण इंजिन बंद केले की तेलाचा पंप थांबतो आणि तेलाचा दाब शून्यावर येतो. तापलेला कूलंट मात्र बंद झाकणाखाली बराच वेळ दाबाखाली राहतो. मग तड्यातून कूलंट तेलाकडे सरकतो. म्हणजे मालक घरात जेवायला बसलेला असतो आणि दारात उभ्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये पाणी शिरत असते. दिव्याचा इशारा नाही, जमिनीवर तेलाचा डागही नाही, कारण गळती बाहेर होतच नाही.

कागदाच्या प्लेटा

एवढ्याशा पाण्याने पोलादी गिअरबॉक्स का मरावा? याचे उत्तर क्लचच्या प्लेटांमध्ये आहे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधल्या बहुतेक क्लच प्लेटांवर घर्षणासाठी जे अस्तर असते ते सेल्युलोजचे तंतू आणि रेझिन यांपासून केलेले, म्हणजे एका खास जातीचा कागदच असतो. तो मुद्दाम सच्छिद्र ठेवलेला असतो. त्याने तेल शोषून घ्यावे आणि दाब पडला की नेमके हवे तेवढे सोडावे, अशी ती रचना असते. तेलात भिजून हा कागद वर्षानुवर्षे टिकतो. पाण्यात मात्र नाही.

पाणी आणि ग्लायकोल तेलात आले की कागद पाणी धरतो आणि त्याला पोलादी प्लेटेशी जोडणारा चिकट थर कमजोर होऊ लागतो. घर्षणाची मात्रा राखणारी तेलातली रसायने बिघडतात, तेलाला फेस येतो. फेसात हवा असते आणि हवा दाबली जाते, त्यामुळे क्लचवर पुरेसा दाब पडत नाही. क्लच पूर्ण धरत नाही, घसरतो. घसरला की तापतो आणि तापला की उरलेले अस्तरही सुटते. सुटलेले कण व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटांत अडकतात. मालकाला जाणवलेली पहिली थरथर म्हणजे पुष्कळदा टॉर्क कन्व्हर्टरमधला लॉक-अप क्लच धर-सोड करत असल्याची खूण असते. त्या टप्प्यावर लगेच रेडिएटर बदलला आणि गिअरबॉक्स नव्या तेलाने धुऊन काढला, तर कधी कधी तो वाचतो. महिनाभर दुर्लक्ष झाले तर वाचत नाही.

सावध झालेल्या अनेक मालकांनी रेडिएटरमधला कूलर सरळ वगळला आणि गिअरबॉक्सच्या तेलासाठी हवेने थंड होणारा वेगळा कूलर पुढच्या जाळीमागे बसवला. कंपनीने आधी रेडिएटरची वॉरंटी ८ वर्षे किंवा ८० हजार मैलांपर्यंत वाढवली. ग्राहकांच्या सामूहिक दाव्यानंतर ती मर्यादा १० वर्षे किंवा १ लाख मैलांवर गेली, पण ८० हजार मैलांपुढच्या दुरुस्तीत मालकालाही मोठा हिस्सा उचलावा लागणार होता. इतके सगळे होऊनही एक गोष्ट कायम राहिली. लोक ‘गिअरबॉक्स गेला’ अशी तक्रार करत होते आणि खरा दोष गिअरबॉक्सच्या बाहेर होता.

लक्षण एक, कारणे अनेक

म्हणूनच लक्षणावरून कारण ठरवण्याची घाई धोक्याची. एप्रिल २००४ मध्ये होंडाने सुमारे ११ लाख गाड्या परत बोलावल्या. त्यात पायलट ही एसयूव्ही, ओडिसी ही मिनीव्हॅन आणि अ‍ॅकॉर्डची व्ही-६ मॉडेले होती. इथेही तक्रारी गिअरबॉक्सच्याच होत्या, पण पाण्याचा संबंध नव्हता. दुसऱ्या गिअरपर्यंत पुरेसे तेल पोहोचत नसल्याने तो गिअर विशिष्ट परिस्थितीत अति तापत होता. गिअरच्या दातांचे पोलाद उष्णतेचे संस्कार देऊन कठीण केलेले असते. ते प्रमाणाबाहेर तापले की ताकद गमावते आणि दात तुटू शकतो. तुटलेला दात अडकून धावत्या गाडीचा गिअरबॉक्स जाम होण्याची भीती होती. उपायही तेलाचाच निघाला. दुसऱ्या गिअरकडे जाणारे तेल वाढवण्यात आले. १५ हजार मैलांहून जास्त धावलेल्या गाड्यांत त्या गिअरचा रंग तपासला गेला. उष्णतेने रंग बदललेला दिसला तर गिअरबॉक्सच नवा मिळाला, नाहीतर दातांवर तेलाची धार सोडणारा छोटा भाग बसवून काम भागले.

सीव्हीटी या प्रकारात तेलाचे काम आणखी अवघड असते. त्यात पोलादी पट्टा दोन पुलींच्या चिमट्यात धरून ताकद पुढे जाते. तेलाने झीज तर थांबवायची, पण पट्टा घसरूही द्यायचा नाही. निसानने २००३ च्या मुरानो एसयूव्हीत व्ही-६ इंजिनला सीव्हीटी जोडला. तक्रारी वाढल्यावर २००३ ते २०१० च्या मॉडेलांसाठी त्याची वॉरंटी १० वर्षे किंवा १ लाख २० हजार मैलांपर्यंत न्यावी लागली.

आपल्या हवामानाच्या दृष्टीने तर फोक्सवॅगनचे उदाहरण फार बोलके आहे. २०१३ मध्ये या कंपनीने सात गिअरच्या ड्युअल क्लच गिअरबॉक्समधले सिंथेटिक तेल काढून खनिज तेल भरण्यासाठी जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावल्या. उष्ण आणि दमट हवा, त्यात सतत थांबत-चालत जाणारी वाहतूक अशा ठिकाणी त्या सिंथेटिक तेलामुळे गिअरबॉक्सच्या वीजपुरवठ्यात बिघाड होत होता. युरोपच्या थंड रस्त्यांवर जे निभावून गेले, ते आशियाच्या उकाड्यात निभावले नाही.

वॉरंटी संपल्यानंतरची वर्षे

एवढ्या नामांकित कंपन्यांच्या चाचण्यांत हे का पकडले जात नाही? चाचणीत गाडी रात्रंदिवस पळवून लाख किलोमीटर काही महिन्यांत पुरे करता येतात. वर्षे मात्र तशी आटवता येत नाहीत. घरची गाडी रोज दोनदा तापून थंड झाली तरी दहा वर्षांत तिच्या रेडिएटरची भिंत ७ हजारांहून अधिक वेळा प्रसरण आणि आकुंचन पावते. गंज, ग्लायकोलचे जुने होणे, रबरी सील कडक होणे यांना स्वतःचा वेळ लागतो. कंपनीकडे बिघाडांची सर्वात चोख नोंद असते ती वॉरंटीच्या काळातली, कारण तेव्हा पैसे तिचे जातात. वॉरंटी संपली की गाड्या कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये जातात आणि ही नोंद आटते. त्यापुढचा इतिहास मालकांजवळच उरतो.

या इतिहासाचा उपयोग कसा करायचा, हे स्वीडिश अभियंता वालोडी वायबुल यांच्या १९५१ च्या निबंधामुळे जगभरच्या अभियंत्यांना समजले. त्यांनी मांडलेल्या सूत्रात बिघाड झाला तेव्हा वस्तूचे वय काय होते, ही माहिती भरली की आकाराचा एक अंक मिळतो. तो एकपेक्षा कमी आला तर बिघाड सुरुवातीलाच जास्त होतात, म्हणजे शंका कारखान्यातल्या कामावर जाते. एकच्या आसपास असेल तर बिघाड वयाशी न जोडलेले, अपघाती असतात. एकपेक्षा बराच जास्त आला तर वस्तू झिजून किंवा थकून मोडते आहे आणि दोष आराखड्यात किंवा सामग्रीत शोधावा लागतो. मात्र या हिशेबात न बिघडलेल्या गाड्याही धराव्या लागतात. तक्रार करतो तो बहुधा त्रास झालेलाच माणूस, म्हणून तक्रारींच्या ढिगावरून ‘इतके टक्के गाड्या बिघडतात’ असे म्हणता येत नाही. त्या ढिगातून बिघाडाचा साचा दिसतो, आणि चौकशी कुठे करायची ते कळते.

यासाठी तक्रारीत वय आणि किलोमीटर हवेत. ‘गाडी भंगार आहे’ या वाक्यातून अभियंत्याला काहीच मिळत नाही. ‘सहा वर्षे, ९२ हजार किलोमीटर, तापलेल्या गाडीत ६० च्या वेगाला थरथर, तेलाचा रंग गुलाबी दुधाळ’ यातून जवळजवळ निदानच मिळते.

आपल्याकडे काय करता येईल

भारतात २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ११०अ हे कलम आले. सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार त्यातून केंद्र सरकारला मिळाला. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत आणि मालकांना सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त चाचणी संस्था आपल्याकडे आहेत, म्हणजे तपासाची क्षमताही आहे. मात्र ही व्यवस्था सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांसाठी आणि रस्त्यावरची सुरक्षितता किंवा पर्यावरण धोक्यात आणणाऱ्या दोषांसाठी आहे. हळूहळू निकामी होऊन फक्त खिसा रिकामा करणारा गिअरबॉक्स या चौकटीत बसवणे कठीण जाते. तिथे ग्राहक आयोगाचा मार्ग उरतो. वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल करावी लागते आणि उत्पादनातला दोष सिद्ध करायला तज्ज्ञाचे मत बहुधा लागतेच. सात वर्षांची ही मर्यादा वाढवली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. वयाने उघड होणारे दोष पकडायचे तर नोंदही त्या वयापर्यंत चालली पाहिजे.

मालकाच्या हातातही बरेच काही आहे. ‘आयुष्यभराचे तेल’ या शब्दांवर विसंबू नका. मालकपुस्तिकेत कठीण वापराचे वेगळे वेळापत्रक असेल तर ते शोधून वाचा. गर्दीतली रांगती वाहतूक, डोंगराळ रस्ते, धूळ आणि उकाडा अशा वापरात मोडतात, म्हणजे मुंबई-पुण्यात राहून सुट्टीला घाट चढणारी बहुतेक कुटुंबे त्यातच येतात. ऑटोमॅटिक, सीव्हीटी आणि ड्युअल क्लच यांची तेले एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत, तेव्हा गॅरेजमध्ये डब्यावरचा प्रकार स्वतः वाचा. गाडी पूर्ण थंड असताना कूलंटचा रंग बघा. तो दुधाळ किंवा तेलकट वाटला तर गाडी सुरू करू नका, उचलून न्या. गिअरबॉक्स उतरवायची वेळ आली तर तेलाचा नमुना स्वच्छ बाटलीत राखून ठेवा, फोटो काढा, किलोमीटरसह जॉबकार्ड मागून घ्या. हे कागद आयोगासमोर तुमचा पुरावा ठरतील. तीच माहिती पोर्टलवर नोंदवली तर तुमच्यासारखीच गाडी चालवणाऱ्या अनोळखी कुटुंबाचा खर्च आणि कदाचित अपघातही टळेल.