शेलमधील अनिर्धारित चल व शब्दपूर्ती

संगणकाची कार्यकारी प्रणाली व तिचा वापर करणारी व्यक्ती यांच्यामध्ये राहून टंकलिखित आज्ञांचा अर्थ लावणाऱ्या कार्यक्रमास शेल म्हणतात. शेलमध्ये मूल्य साठविण्यासाठी योजिलेले नाव म्हणजे चल. ज्या चलास मूल्य दिलेलेच नाही तो अनिर्धारित व ज्यास शून्य लांबीचे मूल्य दिलेले आहे तो रिक्त होय. युनिक्स परंपरेतील शेल सामान्यतः अनिर्धारित चलाच्या जागी काहीही न मांडता पुढे जातो, त्यामुळे हा भेद सहसा जाणवत नाही. ही सोय प्रसंगी घातक ठरते. निर्देशिकेचे नाव धारण करणारा चल अनिर्धारित असताना त्यापुढे तिरकी रेघ जोडून पुसून टाकण्याची आज्ञा दिली, तर तिचा रोख मूळ निर्देशिकेकडेच वळतो.

स्टीफन बोर्न यांनी बेल प्रयोगशाळेत तयार केलेल्या व १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर प्रसृत झालेल्या शेलमध्येच यावर ‘सेट’ आज्ञेचा ‘यू’ हा पर्याय होता. तो लागू असता अनिर्धारित चलाचा वापर दोष मानला जातो. रिक्त चलास मात्र तो अडवीत नाही.

टॅब कळ दाबताच अर्धवट शब्द पुरा करून देण्याच्या क्रियेस शब्दपूर्ती म्हणतात. बॅश या शेलच्या २.०४ आवृत्तीपासून (२०००) निरनिराळ्या आज्ञांसाठी शब्दपूर्तीचे स्वतंत्र उपकार्यक्रम लिहिता येऊ लागले. ते वापरणाऱ्याच्या चालू शेलमध्येच चालतात. साहजिकच त्याने लागू केलेला ‘यू’ पर्याय त्यांनाही बांधतो. अशा उपकार्यक्रमात मूल्य न दिलेला एखादा चल वाचला गेल्यास टॅब दाबताच अपेक्षित शब्दाऐवजी दोषसंदेश उमटतो व लिहिली जात असलेली ओळ विस्कटते. या त्रासापायी पर्यायच काढून टाकला, तर त्याने मिळणारे संरक्षणही जाते. वास्तविक दोष उपकार्यक्रमाचा असतो.

त्याचे निवारण अवघड नाही. महिरपी कंसात चलाच्या नावापुढे संयोगचिन्ह लिहिल्यास चल अनिर्धारित असताना चिन्हानंतरचे मूल्य घेतले जाते. चिन्हानंतर काहीच नसल्यास रिक्त मूल्य मिळते व दोष उद्भवत नाही. ‘लोकल’ या शब्दाने नुसता घोषित केलेला चलही अनिर्धारितच राहतो, म्हणून घोषणेतच त्यास रिक्त मूल्य द्यावे. बॅशच्या ४.४ आवृत्तीपूर्वी (२०१६) एकही घटक नसलेल्या सारणीचे सर्व घटक मागणे हादेखील दोष ठरे. जुळणारा शब्द न सापडणे शब्दपूर्तीत नित्याचेच असल्याने ही उणीव विशेष जाचक होती.

उपकार्यक्रमाच्या आरंभी ‘यू’ पर्याय बंद करून अखेरीस पुन्हा लागू करणे हा मार्ग वरवर सोपा दिसतो; परंतु उपकार्यक्रम मध्येच संपल्यास पर्याय बंदच राहतो, आणि जेथे तो मुळात लागू नव्हता तेथे तो विनाकारण लागू होतो.